काका, तिथे धर्मांतर शक्यच नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. मिशनऱ्यांचे दवाखाने म्हणजे सेवा की धर्मांतराचं आमिष? काकांनी लिहिलं, "फुकट कुणी काही देत नसतं." मी सोलमध्ये राहते. इथून उत्तर कोरियाची सीमा गाडीने तासाभरावर आहे, म्हणून मला तिथलंच उदाहरण आठवलं.

युजीन बेल फाउंडेशन ही ख्रिस्ती संस्था स्टीफन लिंटन यांनी १९९५ मध्ये काढली. नाव त्यांच्या पणजोबांचं. ते १८९५ मध्ये मिशनरी म्हणून कोरियात आले होते. सुरुवात उत्तर कोरियातल्या दुष्काळात धान्य पाठवण्यापासून झाली, पुढे संस्थेने क्षयरोग हाती घेतला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. वर्षातून दोनदा पथक जायचं. रुग्णांना उघड्या हवेत बसवून थुंकीचे नमुने घ्यायचे, पुढच्या सहा महिन्यांची औषधं पोचवायची. रोज मूठभर गोळ्या, पोटात सतत मळमळ, आणि हे दीड वर्ष. मध्येच सोडलं तर जंतू आणखी निर्ढावतो.

आणि धर्मप्रचार? २०१४ मध्ये एक अमेरिकन पर्यटक तिथल्या एका क्लबात बायबल ठेवून निघाला, तर त्याला काही महिने डांबून ठेवलं. आमिष दाखवून तिथे कुणाच्या हाती काय लागणार? तरी ही माणसं वर्षानुवर्षं जात राहिली.

सोलमधला आक्षेप वेगळा आहे: या मदतीने किमच्या राजवटीचंच फावतं. तो मला जास्त वजनदार वाटतो, कारण उपासमारीच्या काळातलं धान्य नक्की कुणाच्या पोटात गेलं हा प्रश्न खराच होता. पण क्षयाची गोळी सैन्याला विकून खाता येत नाही, आणि पथक दर सहा महिन्यांनी त्याच रुग्णाची थुंकी पुन्हा तपासायचं. याहून चोख हिशेब कुठला? उत्तर कोरियावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१७ च्या निर्बंधांनंतर धातूच्या साध्या वस्तूही परवानगीशिवाय नेता येईनात. जानेवारी २०२० मध्ये करोनामुळे सीमाच बंद झाली. औषधांचा साठा मात्र सहा महिन्यांचाच असायचा. याचा मला फार राग येतो.

काकांची भीती मी उडवून लावत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून धर्माची अट घालणं हे पापच, आणि जिथे तसं घडेल तिथे मीही विरोधात उभी राहीन. पण मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ चं, इथलं सेव्हरन्स हॉस्पिटल १८८५ पासूनचं. दोन्हींच्या मुळाशी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर. सेव्हरन्सच्या ओपीडीत नंबरची वाट बघताना मला हटकून आजी आठवते. तिचा मोतीबिंदू मिरजेला काढला होता. पट्टी सुटल्यावर तिने आधी हातातल्या बांगड्या मोजल्या, मग काकांकडे बघून म्हणाली, "किती वाळलास रे!"

तेवढंच मी ग्रुपवर लिहिलं.