देवाला वर्गाबाहेर कुणी काढलं नव्हतं

हा मजकूर माझ्याकडे आतापर्यंत चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला आहे. आधी इंग्रजीत यायचा, आता मराठीतही फिरतो. थोडक्यात असा: ‘१९६२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळेतली प्रार्थना बंद केली. एका नास्तिक बाईच्या हट्टापायी हे झालं. त्याआधी सगळी मुलं एकदिलाने प्रार्थना करायची. त्यानंतर गुन्हेगारी वाढली, शाळकरी मुली आया होऊ लागल्या, देश रसातळाला गेला. व्यक्तिस्वातंत्र्याचा अतिरेक झाला की असंच होतं.’

शेवटचं फॉरवर्ड माझ्या मामांनी पाठवलं होतं. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि मुलांना वळण लागावं ही त्यांची कळकळ खरी आहे. माझी मुलगी इथे टेक्सासमध्ये सरकारी शाळेत चौथीत शिकते, त्यामुळे हा विषय माझ्याही घरातला आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर लिहिते आहे.

‘कोर्टाने प्रार्थना बंद केली.’

न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी शाळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने १९५१ मध्ये एक प्रार्थना स्वतः तयार केली. इंग्रजीत ती जेमतेम २२ शब्दांची होती. देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत. आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर, असा तिचा भाव. लाँग आयलंडवरच्या न्यू हाइड पार्क भागातल्या शाळांनी ती रोज सकाळी म्हणून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पाच पालक कोर्टात गेले. २५ जून १९६२ रोजी ‘एंगल विरुद्ध व्हिटाले’ या खटल्याचा निकाल ६ विरुद्ध १ असा त्यांच्या बाजूने लागला. लोकांनी कोणती प्रार्थना म्हणावी हे लिहून देणं सरकारचं काम नव्हे, हा त्याचा गाभा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक अलाबामाचे, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे होते आणि त्यांनी अनेक वर्षं चर्चच्या रविवारच्या वर्गात मुलांना शिकवलं होतं. इंग्लंडमध्ये सरकारने ठरवून दिलेल्या प्रार्थनापुस्तकाला कंटाळूनच कित्येक जण समुद्र ओलांडून अमेरिकेत आले, याची त्यांनी निकालपत्रात आठवण करून दिली.

बंद झाली ती सरकारने लिहिलेली आणि सरकारने म्हणवून घेतलेली प्रार्थना. गणिताच्या पेपरआधी डोळे मिटून देवाचं नाव घेणाऱ्या मुलाला तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं, आजही अडवू शकत नाही. बुद्धिबळाचा क्लब भरत असेल तर हायस्कूलच्या मुलांना बायबलवाचनाचाही क्लब भरवता येतो. तसा कायदा अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) १९८४ मध्ये केला आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. २०२२ मध्ये तर सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूनेही निकाल लागला. धास्तावलेल्या शिक्षकांनी एखाद्या मुलाला त्याची स्वतःची प्रार्थना म्हणू दिली नाही, असंही अधूनमधून घडतं. ते चूकच आहे, आणि त्या मुलाला संरक्षण देणारा कायदा हाच आहे.

‘एका नास्तिक बाईचा हट्ट.’

ही बाई म्हणजे बाल्टिमोरच्या मॅडलिन मरे. त्यांचा शाळेतल्या बायबलवाचनाविरुद्धचा खटला १९६३ चा आणि १९६२ च्या निकालाशी त्यांचा काही संबंध नव्हता. न्यू हाइड पार्कच्या पाच पालकांत ज्यू होते, युनिटेरियन (ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या एका उदार पंथाचे) होते, नास्तिकही होते. मरेंच्या खटल्यासोबत पेनसिल्व्हेनियातलं शेम्प कुटुंबाचं प्रकरणही सुनावणीला होतं आणि निकाल त्याच नावाने ओळखला जातो. शेम्प कुटुंब युनिटेरियन, म्हणजे रविवारी नेमाने चर्चला जाणारं. त्या राज्याच्या कायद्यानुसार रोज सकाळी बायबलातली निदान दहा वचनं वाचावी लागत. १९५६ च्या नोव्हेंबरात सोळा वर्षांचा एलरी शेम्प घरून कुराणाची प्रत घेऊन गेला आणि बायबलवाचन चालू असताना ती शांतपणे वाचत बसला. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवण्यात आलं. मरेंचं नाव घेतलं की हा धार्मिक घरातला मुलगा गोष्टीतून गळून जातो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगितला.

या खटल्याचा निकाल ८ विरुद्ध १ असा लागला. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्यात स्पष्ट लिहिलं की धर्मांचा आणि त्यांच्या इतिहासाचा अभ्यास झाल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही, आणि बायबल साहित्य म्हणून, इतिहास म्हणून शाळेत खुशाल शिकवावं.

‘त्याआधी सगळे एकदिलाने प्रार्थना करायचे.’

या वाक्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, कारण ज्यांनी मार खाल्ला त्यांना ते पुसून टाकतं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या सरकारी शाळांत वाचलं जाणारं बायबल प्रोटेस्टंटांचं होतं. आयर्लंडमधून आलेल्या गरीब कॅथलिकांचं बायबल वेगळं, प्रार्थनेचे शब्द वेगळे, बायबलातल्या दहा आज्ञांची मांडणीसुद्धा वेगळी. फिलाडेल्फियाच्या कॅथलिक बिशपांनी आपल्या मुलांना आपलं बायबल वाचू द्या एवढीच विनंती केली होती. त्यातून ‘कॅथलिक आपलं बायबल शाळेतून हाकलायला निघालेत’ अशी आवई उठली. १८४४ च्या मे आणि जुलैमध्ये दंगली झाल्या, माणसं मेली, कॅथलिक वस्तीतली घरं जळाली आणि सेंट मायकल व सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चं बेचिराख झाली.

१८५९ मध्ये बॉस्टनच्या एलियट शाळेत थॉमस व्हॉल नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या कॅथलिक मुलाने दहा आज्ञा प्रोटेस्टंट शब्दांत म्हणायला नकार दिला. घरी शिकवल्या तशाच म्हणेन, असं त्याचं म्हणणं. शिक्षकाने त्याच्या हातांवर सुमारे अर्धा तास वेताच्या छड्या मारल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि शिक्षक निर्दोष सुटला. त्याच दिवसांत नकार देणाऱ्या शेकडो मुलांना शाळेबाहेर काढण्यात आलं. अर्धा तास छड्या खाऊनही आईवडिलांनी शिकवलेले शब्द न सोडणाऱ्या मुलाला नीतिमत्ता नव्हती, असं मामा म्हणतील का? मला वाटत नाही.

या भांडणांना वैतागून सिनसिनाटीच्या शाळामंडळाने १८६९ मध्येच बायबलवाचन थांबवलं, आणि ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने १८७२ मध्ये ते मान्य केलं. विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने १८९० मध्ये कॅथलिक पालकांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर १९६२ च्या कितीतरी आधी, देवभक्त लोकांनीच, आपापल्या गावात शोधायला घेतलं होतं.

‘त्या दिवसापासून देश बिघडला.’

आधी शाळकरी मातांबद्दल. १५ ते १९ वर्षांच्या मुलींमधला जन्मदर अमेरिकेत सर्वांत जास्त होता तो १९५७ मध्ये, हजारी सुमारे ९६. म्हणजे शाळांत प्रार्थना चालू असताना. १९९१ मध्ये तो सुमारे ६२ होता आणि २०२२ मध्ये १४ च्याही खाली आला. पन्नाशीच्या दशकातल्या त्या मुलींपैकी बहुतेकींची लग्नं झालेली असत आणि लग्नाविना होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण पुढे खरोखर वाढलं, हेही सांगायला हवं. कुटुंबव्यवस्थेची काळजी वाटणाऱ्यांची ती काळजी खोटी नाही. पण त्यासाठी प्रार्थनेच्या निकालाला जबाबदार धरता येत नाही.

हिंसक गुन्हे साठीच्या दशकापासून वाढत गेले, हे खरं. १९९१ मध्ये ते लाखामागे सुमारे ७५८ पर्यंत पोचले. त्यानंतर उतरत उतरत निम्म्यावर आले. या उताराच्या काळात कोर्टाने शाळांत प्रार्थना परत आणली होती का? उलट १९९२ मध्ये पदवीदान समारंभातली धर्मगुरूंची प्रार्थना आणि २००० मध्ये फुटबॉल सामन्याआधी लाउडस्पीकरवरून होणारी प्रार्थना घटनाबाह्य ठरली. नियम कडक होत गेले आणि गुन्हे घटत गेले. त्यावरून ‘प्रार्थना थांबवली म्हणून गुन्हे कमी झाले’ असं मी म्हणणार नाही, तो तितकाच चुकीचा तर्क होईल. नुसत्या तारखा जुळल्या म्हणून कारण सापडत नाही.

आणि इंग्लंडकडे बघा. तिथे १९४४ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत रोजची सामूहिक उपासना सक्तीची केली आणि ती तरतूद कायद्यात आजही आहे. तरी नोंदलेले गुन्हे तिथेही त्याच दशकांत अनेक पटींनी वाढले.

‘व्यक्तिस्वातंत्र्याचा अतिरेक.’

पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिलमध्ये यहोवाज विटनेसेस या पंथाच्या दोन भावंडांनी झेंड्याला वंदन करायला नकार दिला, कारण देवाखेरीज कुणालाही वंदन करू नये अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांना शाळेतून काढलं, आणि १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने ते योग्य ठरवलं. त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले सुरू झाले. मेन राज्यात केनेबंक इथे त्यांचं प्रार्थनागृह जमावाने जाळलं. तीनच वर्षांत कोर्टाने आपला निकाल फिरवला. १४ जून १९४३ च्या ‘बार्नेट’ निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की राजकारण, राष्ट्रप्रेम, धर्म अशा बाबतींत कोणतं मत प्रमाण मानायचं हे कुठलाही अधिकारी ठरवू शकत नाही. हा हक्क बेबंदपणासाठी मागितलेला नव्हता. देवाची आज्ञा पाळता यावी म्हणून दोन मुलांनी तो मागितला होता.

मामांसाठी एक भारतीय धागाही आहे. केरळात याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहूनही गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या निकालात अमेरिकेच्या या दोन्ही निकालांची चर्चा केली आहे. सरकारी मान्यतेच्या शाळेत कुणालाही धार्मिक उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येणार नाही, असं आपल्या घटनेचं कलम २८ सांगतंच.

‘नको असेल त्याने बाहेर उभं राहावं’ हा तोडगा न्यू हाइड पार्कमध्येही होता. नऊ वर्षांच्या मुलीला रोज सकाळी सगळ्या वर्गादेखत उठून बाहेर जायला सांगून बघा. ती जाणार नाही. ती पुटपुटेल, आणि घरी येऊन काही बोलणार नाही.

मामा, तुम्ही फॉरवर्ड पाठवलंत त्याच वर्षी, २०२५ मध्ये, आमच्या राज्याने प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावण्याचा कायदा केला. लुइझियानाने २०२४ मध्ये केला होता. दोन्हीकडे पालक कोर्टात गेले. इथल्या अर्जदारांत ज्यू, ख्रिस्ती आणि हिंदू घरंही आहेत. मजकूर कायद्यातच ठरवून दिलेला आहे. माझ्यापुढे तू दुसरे देव मानू नयेस, असं त्यावर सुरुवातीलाच लिहिलंय. त्याच्या खालच्या ओळीत, मूर्ती करू नयेस. गेल्या गणपतीत तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघत होतात, तेव्हा शाडूची मूर्ती माझ्या लेकीनेच केली होती.