लष्कराचं ९ एमएम पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही

‘फौजेत चालतं तेच पिस्तूल सगळ्यात भरवशाचं, परवाना काढा आणि तेच घ्या’ असा मेसेज फिरतोय. पहिल्या वाक्यावर वाद घालता येईल, दुसरं सरळ चूक आहे. आपल्या लष्कराचं जुनं पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं ९ एमएम १ए: ब्राउनिंग हाय-पॉवर या परदेशी पिस्तुलाचाच देशी अवतार, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. दणकट आहेच. पण त्याचा ९ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) ‘प्रतिबंधित’ वर्गात मोडतो आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्याला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. सामान्य परवानाधारकाला आयुध निर्माणीचं .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेता येतं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात (नेमबाज खेळाडूंचे नियम वेगळे).