पालथ्या घड्यावर पाणी

हिवाळा सुरू झाला की आमच्या घरात कोणी कोणाला हात लावत नाही. भांडण नसतं, चटका बसतो. दाराच्या मुठीला बोट नेलं की टिचकन ठिणगी, मुलीच्या गालाला हात लावला की ठिणगी. अशी ठिणगी बोटाला जाणवायची तर साधारण ३,००० व्होल्ट लागतात. एवढी वीज अंगात असून हा माणूस अंथरुणातून उठायला अर्धा तास लावतो, असा बायकोचा शेरा आहे.

त्यात नाक सुकून खडखडीत, ओठ फुटलेले आणि जमिनीच्या लाकडी फळ्या आकसून मधे फटी पडलेल्या. मुलीच्या माळेतले निम्मे मणी त्या फटींत मुक्कामाला आहेत. कोरड्या हवेचं हे सगळं पाप मी वर्षानुवर्षं फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राच्या, माथी मारत आलो. पण ते बिचारं ओलावा खात नाही. बाहेरची शून्य अंशाची हवा पूर्ण १०० टक्के दमट असली, तरी तिच्या एका घनमीटरात जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची भूक १८ ग्रॅमवर जाते, पदरात मात्र तेच ५ ग्रॅम. म्हणजे आर्द्रता पंचवीस-सव्वीस टक्के. उरलेली उसनवारी ती आमच्या नाकातून, ओठांतून आणि फळ्यांतून करते.

हवेत ओलावा सोडणारी, खोलीत ठेवायची छोटी यंत्रं (ह्युमिडिफायर) वापरून झाली होती. त्यांना दिवसातून दोनदा पाणी पाजावं लागतं आणि तेही प्रत्येक खोलीत. म्हणून ठरवलं, अख्ख्या घराला एकच ह्युमिडिफायर, थेट फर्नेसच्या डक्टवर, म्हणजे गरम हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळकांड्यावर.

"प्लंबरला बोलवू या," बायको म्हणाली.

"दोन तासांचं तर काम आहे," मी म्हणालो.

काम खरोखरच साधं दिसत होतं. डक्टच्या पत्र्याला चौकोनी भोक पाडायचं, त्यावर डबा बसवायचा. डब्यात जाळीचा पॅड असतो. पॅडवर वरून पाण्याची बारीक धार आणि आरपार गरम हवा. हवा जमेल तेवढं पाणी पिते, राहिलेलं नळीने ड्रेनमध्ये जातं. पत्रा कापायच्या कात्र्या डावीकडे वळणारी आणि उजवीकडे वळणारी अशा वेगवेगळ्या मिळतात, हे ज्ञान मला अर्धा चौकोन कापल्यावर झालं. पहिल्या दोन बाजू सरळ आल्या, तिसरी जरा तिरकी, चौथी नदीसारखी. कापलेला तुकडा खणखणत डक्टच्या तळाशी गेला. विहिरीत पडलेली बादली काढावी तसा दोरीला लोहचुंबक बांधून तो वर काढला. त्यात एक तास गेला, पण तो माझा त्या दिवसातला एकमेव यशस्वी तास.

मग पाणी. तांब्याच्या पाइपवर जी तोटी बसवायची, तिला सॅडल व्हॉल्व्ह म्हणतात. सॅडल म्हणजे खोगीर. खोगीर पाइपवर आवळायचं आणि मूठ फिरवत राहायचं, आतली सुई पाइपला टोचून भोक पाडते. आमचा पाइप खोगीर चढताच बिथरला. आधी थेंब, मग धार, मग मी मेन व्हॉल्व्हकडे पळतोय. शेवटी प्लंबर आलाच. त्याने ते खोगीर मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं आणि वीस मिनिटांत पक्का जोड दिला. बायको काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

आता आर्द्रता मोजायची. १७८३ साली जिनिव्हाच्या होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक जगापुढे मांडला. केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. माझ्याकडे या उपकरणाचा कच्चा माल फारसा उरलेला नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा मीटर आणला.

मीटर म्हणाला २४. दुसऱ्या दिवशी २४. आठवड्याने २४, मधे एकदा २३. फर्नेस सुरू झालं की व्हॉल्व्ह टक्क वाजायचा, पाणी झुळझुळ वाहायचं, ड्रेनमध्ये जायचं. तीन आठवडे मी रात्री उठून टॉर्च घेऊन मीटर बघत होतो.

मुलगी तेव्हा नुकतीच वाचायला शिकली होती आणि दिसेल ती अक्षरं जोडत सुटायची. ती तळघरात आली, डब्याकडून निघणाऱ्या आडव्या नळीवरचा छोटा खटका बघितला आणि म्हणाली, "बाबा, आत्ता विंटर आहे ना? मग इथे समर का?"

खटका उन्हाळ्यावर होता. म्हणजे आतली झडप बंद. पॅडमधून हवा जातच नव्हती. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण मी तीन आठवडे चोवीस टक्क्यांनी सिद्ध करत होतो.

खटका फिरवला. ३१, ३८, ४४! नाक मोकळं, ठिणग्या बंद. मी मीटर हातात घेऊन घरभर मिरवलो. चौथ्या दिवशी थंडी कडाडली आणि खिडक्या रडू लागल्या. काचांवरून ओघळ, चौकटीत तळं, पडद्यामागे बुरशीचे काळे ठिपके. तेव्हा कुठे माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं. बाहेर उणे १८ असेल तर आत २५ टक्क्यांच्या आसपासच ठेवा, असं तक्त्यात होतं. पंचवीस! (यंत्र नसतं तर त्या थंडीत आकडा याहून खूप खाली गेला असता, हे खरं. मी ते घरात सांगूनही पाहिलं.)

पॅड हंगामातून एकदा बदलायचा असतो, पाणी क्षाराचं असेल तर आधीच. आमचा दोन महिन्यांत पांढरा पडला, दाबला तर कुरकुर वाजतो. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, तर वासाने माणसं घराबाहेर आणि पॅड घरात.

सध्या घरात दोन पक्ष आहेत. नाकाचा पक्ष चाळीस मागतो, खिडक्यांचा पंचवीस. परवा सकाळी उठलो तर स्वयंपाकघराच्या धुकटलेल्या काचेवर बायकोने बोटाने लिहिलं होतं, "२५ कर." मी खाली लिहिलं, "३५?" संध्याकाळपर्यंत दोन्ही आकडे ओघळून चौकटीत साचले होते आणि मी फडकं शोधत होतो.