अहो, मी झोपले होते!

गेल्या महिन्यात एका रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर गालिचा धुण्याचा व्हिडिओ लावला. चिखलाने काळाठिक्कर पडलेला गालिचा, त्यावर फेस, मग काळं पाणी ओघळतंय आणि खालून हळूहळू लाल नक्षी वर येतेय. दहा मिनिटांत डोळा लागला. फोन उशीशेजारी, ऑटोप्ले चालू. पहाटे जाग आली तेव्हा कितव्या तरी गालिच्याची धुलाई चालली होती.

झालं! त्या ॲपने माझी नोंद गालिचाप्रेमी म्हणून करून टाकली. उघडलं की गालिचे. ते पाहिले नाहीत तर सोफे. आकाशदर्शनाचं एक चॅनेल मी रीतसर सबस्क्राइब केलंय, बेल दाबून. त्याचा नवा व्हिडिओ मला तीन आठवड्यांनी कळला, तोही स्वतः शोधल्यावर.

यंत्राला तरी काय बोलणार? त्याच्या वहीत एवढंच लिहिलंय की बाईंनी तासन्तास गालिचे पाहिले, एकदाही पुढे ढकललं नाही. इतकी निष्ठा मी जागेपणी कशावरच दाखवलेली नाही.

यूट्यूबने २०१२ मध्ये नुसत्या क्लिकपेक्षा व्हिडिओ किती वेळ पाहिला याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. हेतू रास्तच होता, भडक थंबनेल लावून फसवणाऱ्यांना चाप बसावा हा. त्यांच्या इंजिनिअरांनी २०१६ मध्ये शोधनिबंधात सगळी रीतही मांडली: आधी लाखोंमधून काहीशे व्हिडिओ निवडायचे, मग कोणता किती वेळ पाहिला जाईल याचा अंदाज बांधून क्रम लावायचा. पण पाहणारा रमलाय, संतापलाय की घोरतोय, हे मिनिटं मोजून कसं कळणार? कॉमेंटमध्ये तावातावाने भांडायला मी थांबते, तेही त्याच्या लेखी 'आवडलं'च.

'नॉट इंटरेस्टेड'चं बटण आहे की, असं कुणीतरी सांगेलच. दाबलं. इतक्यांदा दाबलं की अंगठ्याला सवय झाली. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये वीस हजारांवर स्वयंसेवकांच्या मदतीने यूट्यूबची ही बटणं तपासली, तेव्हा त्या बटणाने नकोशा शिफारशी जेमतेम ११ टक्क्यांनी कमी झाल्या. 'हे चॅनेल सुचवू नका' म्हटल्यावर ४३ टक्क्यांनी. म्हणजे तोंडावर दार लावलं तरी निम्मे पाहुणे खिडकीतून आत!

मला शिफारशी नकोतच असं नाही हं. आकाशदर्शनाचं ते चॅनेलही मुळात अशाच एका शिफारशीतून सापडलं होतं. म्हणूनच जास्त राग येतो.

शेवटी रविवारी बसून हिस्टरीतले गालिचे एकेक करून काढले. आता कुठे शनीची कडी पुन्हा दिसायला लागलीत.

काल रात्री परत झोप येईना. गालिचाच लावला. इनकॉग्निटोमध्ये.