अर्धं बटण

फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळी अण्णांचा मेसेज : 'मुंजीचे फोटो पाहिले. मामांनी कॅमेरा बदलावा.' त्याखाली माझ्या सख्ख्या बहिणीचा अंगठा.

मामा म्हणजे मी. अण्णा म्हणजे मेव्हण्यांचे चुलते, आणि कार्यालयात पाऊल टाकल्यापासून प्रत्येक कामाचे स्वयंघोषित पर्यवेक्षक.

मातृभोजन चालू होतं. हॉलमध्ये स्टेजवर जांभळे दिवे, कमानीवर गुलाबी, आणि बटूवर काहीच नाही. माझा कॅमेरा खिशात मावतो, कारण आतला उजेड टिपणारा सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद; करंगळीच्या नखापेक्षा लहान. आयएसओ, म्हणजे अंधुक उजेडात फोटो उजळ करायचा आकडा, १६०० केला की बटूच्या गोट्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. ४०० वर आणला की शटर रेंगाळत १/१५ सेकंदावर, आणि तेवढ्यात जे हललं ते पुसट. स्टॅबिलायझर माझ्या हाताची थरथर सांभाळेल हो, पण लाडवासाठी मान वळवणाऱ्या बटूला कोण सांभाळणार? म्हणून मी खांबाला कोपर टेकवून, श्वास रोखून, बटण अर्धं दाबून थांबलो होतो. अर्ध्यावर फोकस धरला जातो. आईने घास पुढे केला आणि पोरगं क्षणभर स्थिर झालं, की उरलेलं अर्धं.

"मामा, दाबा की!"

"दाबलंय, अण्णा. अर्धं."

"अर्धं? बॅटरी वाचवताय?"

"फोकस धरलाय."

"आमच्या पुतण्याचा मोबाईल बघा, पूर्ण दाबतो. १०८ मेगापिक्सेल! तुमचे किती?"

"सोळा."

"सोळा!" ही बातमी त्यांनी सगळ्या पंगतीला दिली. मठ्ठा वाढणाऱ्या काकू ओगराळं धरून थांबल्या. "तरीच अर्धं दाबताय."

त्या १०८ मधले नऊ-नऊ ठिपके एकत्र करून असा मोबाईल एरवी १२ चाच फोटो देतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात घास बटूच्या पोटात गेला होता. आईच्या ताटात जेवायची ही शेवटची वेळ असं मानतात, त्यामुळे 'ताई, पुन्हा एकदा' म्हणायचीही सोय नाही.

"फ्लॅश मारायचा होता," अण्णा म्हणाले.

"एवढ्या लांब पोचत नाही. तीन-चार मीटर, बस."

"जुना झालाय. आणा इकडे."

मग अण्णांनी सगळ्या कुटुंबाला उचलून खिडकीपुढे उभं केलं. 'मागून उजेड कसा छान येतोय!' दुपारचं ऊन पाठीशी. कॅमेरा मोजणार ते ऊन आणि चेहरे होणार काळेठिक्कर. मी म्हटलं, अण्णा, आता मात्र फ्लॅश मारा, दोन मीटरवर आहेत, चेहरे उजळतील.

"एवढ्या उन्हात फ्लॅश?" त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, तशी करुणा गुरुजींनी बटूलाही दाखवली नव्हती. मग अंगठ्याने, एका दमात, पूर्ण बटण. कॅमेरा खाली झुकला, त्याबरोबर सगळं घराणं तिरकं झालं. ग्रुपवर ज्याची अब्रू निघाली तो हाच फोटो, आणि खाली नाव माझं.

पलीकडे पैसे मोजून बोलावलेला फोटोग्राफर छताकडे फ्लॅश वळवून निवांत काम करत होता. त्याला कोणी 'दाबा की' म्हणालं नाही. त्याच्या व्हिडिओवाल्याने दिवा घेऊन भिक्षावळीची सगळी रांग अडवली, तर लोकांनी आदराने वाट करून दिली. फुकट राबणाऱ्याला मात्र प्रत्येकाने शिकवायचं, आणि वर 'सगळे पेनड्राइव्हवर द्या हं.' कॉपी करत बसायचं मी. पेनड्राइव्हही माझाच, आणि तो परत येत नाही, लिहून घ्या.

एक फोटो मात्र अप्रतिम निघालाय. हॉलच्या दारात, बाहेरच्या मऊ उजेडात, अण्णा मठ्ठा पिताहेत. आयएसओ १००, मिशीचा केस न् केस वेगळा, त्यावरचा मठ्ठ्याचा थेंबही. पांढऱ्या सदऱ्याने कॅमेऱ्याला फसवून फोटो काळपट करू नये म्हणून उजेड मुद्दाम एक पायरी वाढवून घेतला होता. डीपीला लावावा असा फोटो.

तो मी देणार नाही.