वनखात्यासाठी वेगळा कायदा नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही तळमळीने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. शिकारबंदीचे नियम वन अधिकाऱ्यांनाही तितक्याच कडकपणे लावा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की यामुळे जंगलात जीव धोक्यात घालणाऱ्यांचं खच्चीकरण होतं, चूक झालीच तर खातं चौकशी करतं, आणि अशा लिखाणाचा फायदा शेवटी शिकाऱ्यांनाच होतो.

बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, काठी घेऊन फिरणाऱ्या वनरक्षकाबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. पण प्रकरण अंगाशी आलं की निलंबनाचा कागद आधी कुणाच्या हातात पडतो? त्याच वनरक्षकाच्या, फार तर वनपालाच्या. तोंडी हुकूम देणारा साहेब बहुतेक वेळा नामानिराळा राहतो. आदेश कुणाचा होता, लेखी होता का, इथून तपास सुरू झाला तर वाचेल तो खालचा माणूसच. माझी मागणी त्याच्या विरोधात नाही, त्याच्या बाजूची आहे.

आता खात्याच्या चौकशीबद्दल. एखाद्या मजुराच्या घरात चितळाचं मांस सापडलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पंचनामा होतो, पीओआर (वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडला जातो, पातेलं, कोयता, मोटरसायकल सगळं जप्त. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 57 प्रमाणे ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा नव्हता हे दाखवायची जबाबदारी त्या मजुरावर येते. तेच मांस सरकारी क्वार्टरमध्ये शिजलं तर? कलम तेच. कायद्यात कुठेही ‘वन कर्मचारी सोडून’ असं लिहिलेलं नाही. तरीही तिथे ‘खात्यांतर्गत चौकशी’ हा शब्द पुढे येतो, आणि चौकशी करणारा त्याच खात्यातला असतो. वेतनवाढ रोखणं ही शिस्तभंगाची कारवाई झाली, ती खटल्याची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

माणसांवरच्या हल्ल्यांवरून गोळी घालून मारलेल्या अवनी वाघिणीचं उदाहरण तुम्हीच दिलंत. ठार मारण्याची परवानगी होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नव्हता, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण कलम 11 ची परवानगी म्हणजे कोरा चेक नव्हे. प्राणी पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही याची मुख्य वन्यजीव रक्षकाने खात्री करून घ्यायची असते आणि कारणं लेखी द्यायची असतात. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात जे घडलं त्याच्या पद्धतीवर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीनेच आक्षेप नोंदवले. मारायची मुभा होती का आणि ती कशी वापरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसरा मिटत नाही.

प्रामाणिक अधिकारी उघडा पडेल ही भीतीही मला पटत नाही. कलम 60 सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं. त्याच कायद्यातलं कलम 53 त्रास देण्याच्या हेतूने विनाकारण जप्ती करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद करतं. कायदा करणाऱ्यांना अधिकाराचा गैरवापर होऊ शकतो हे ठाऊक होतं.

शिकाऱ्यांना फायदा होतो? मला नेमकं उलट वाटतं. फासे कुणी लावले, मांस कुठे विकलं, ही खबर गावातून येते. आपल्या पोराला तुरुंग आणि साहेबाला ठपका, हे ज्या गावाने एकदा पाहिलं ते गाव पुन्हा खबर देत नाही. मग कितीही कॅमेरा ट्रॅप लावा.

राहिला प्रश्न खोट्या तक्रारींचा पूर येईल याचा. कलम 55 प्रमाणे कुणीही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो, पण त्याआधी किमान 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे खात्याला स्वतः कारवाई करायला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत सरकारी वकिलाचं मत घेऊन गुन्हा नोंदवावा, नाहीतर का नोंदवला नाही ते तक्रारदाराला लेखी कळवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. यात वनरक्षकाचं खच्चीकरण नेमकं कुठे होतं, ते सांगा. त्यावर जरूर बोलू.