परदेशातून : दिन, दीन आणि चार्जरचा प्लग

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, आणि घरचा एक जुना वाद नव्याने पेटला. कविता-कादंबरी लिहितो तो लेखक. विजेच्या गाडीची माहितीपुस्तिका किंवा मुलांचं गाण्यांचं नाटक लिहितो तो पोटासाठी चार ओळी खरडणारा. ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये बसून हा वाद वाचताना हसू येतं, मग चीड येते.

इथल्या खाडीकाठी वेल्स मिलेनियम सेंटर आहे, २००४ मध्ये उघडलेलं. वेल्श नॅशनल ऑपेरा या गाऊन नाटक करणाऱ्या मंडळीचं घर तेच. त्याच्या दर्शनी भिंतीवरचा मजकूर ग्विनेथ लुईस या कवयित्रीचा आहे. वेल्शमध्ये सात शब्द, इंग्रजीत पाच, आणि एक दुसऱ्याचा अनुवाद नाही. प्रत्येक अक्षर म्हणजे खिडकी. रात्री आतल्या दिव्यांनी ती उजळतात. म्हणजे जागा, अक्षरांची संख्या, दोन भाषा, सगळं वास्तुकामाने बांधलेलं, आणि तरी ती कविताच. या बाईंनी ऑपेराच्या संहिताही लिहिल्या आहेत. त्यांचं कवीपण त्यामुळे कमी झाल्याचं इथे कुणी म्हणत नाही.

वेल्श बोलणारे २०२१ च्या जनगणनेत साधारण ५ लाख ३८ हजार. २०११ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर. तरी इथे नगरपालिकेच्या वाहनतळावरच्या पाटीवर वेल्श आधी, इंग्रजी नंतर. प्रेमापोटी नव्हे, २०११ चा कायदा आहे. त्यामुळे सरकारी पाटी, फॉर्म, सूचना या भाषेत लिहिणाऱ्याला काम मिळतं, आणि कामाने हात बसतो.

आता विजेच्या गाडीचं घ्या. ‘कृपया प्रभारण संयोजक योग्यरीत्या संलग्न असल्याची खात्री करावी’ हे वाक्य कुणालाही काहीच करायला लावत नाही. ‘टक् आवाज येईपर्यंत प्लग आत दाबा’ हे लावतं. एका वाक्यात एकच कृती, आणि ती झाली हे कळायची खूण त्याच वाक्यात. किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांचा गोंधळ इंग्रजी वाचकालाही सुटत नाही, पण मराठी घरात त्याचं उत्तर दर महिन्याला बिलावर छापून येतं: युनिट. किलोवॅट हा वीज भरण्याचा वेग, आणि एक किलोवॅट-तास म्हणजे भरलेल्या विजेचं एक युनिट. मग ४० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात. ७.४ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरने, मधली गळती धरून, साडेतीन तासांच्या आसपास. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर आठेक तास. जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसतो. ग्राहक गाडीला शिव्या देतो, दोष मात्र वायरिंगचा. हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नव्हे, पहिल्या पानावर हवं. एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका, तो तापतो, हेही तिथेच.

कौटुंबिक ऑपेराचं, म्हणजे मुलांसकट घराने बघायच्या गाण्यांच्या नाटकाचं, बंधन याहून कडक. गायलेलं वाक्य बोललेल्या वाक्याच्या साधारण तिप्पट वेळ घेतं, म्हणून तासाभराच्या प्रयोगाला वीस मिनिटांच्या बोलण्याइतकाच मजकूर पुरतो. बाकीचं खोडायचं. वरच्या सुरावर ‘आ’ खुलतो. ‘ई’ आणि ‘ऊ’वर मुलांचा गळा आवळतो आणि शब्दही कळत नाही. मराठीत आणखी एक सापळा आहे. ‘हा दिन आला’मधला ‘दि’ लांब सुरावर पडला की प्रेक्षकाला ‘दीन’ ऐकू येतं, आणि वाढदिवसाच्या गाण्यात कुणी गरीब येऊन उभा राहतो. ऱ्हस्व-दीर्घाची किटकिट करणारे मास्तर इथे खरंच कामाला येतात.

या प्रकाराचा नमुना हवा तर बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचा, नोहाच्या महापुराच्या गोष्टीवरचा ‘नोईज फ्लड’ पाहावा. १९५८ मध्ये इंग्लंडच्या सफोकमधल्या ऑरफर्डच्या चर्चमध्ये तो पहिल्यांदा झाला. पावसाचे पहिले थेंब म्हणजे दोरीला टांगलेले चहाचे मग, लाकडी चमच्याने वाजवलेले. भजनं आली की प्रेक्षकही गातात. नवख्या मुलाला झेपेल असं काम, पण प्रसंगाला अगदी नेमकं.

परदेशाची आरती ओवाळायची नाही. २०२२ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेराचं इंग्लंडकडून मिळणारं अनुदान जवळपास ३५ टक्क्यांनी कापलं गेलं, आणि दौऱ्यांची गावं गळायला लागली. शिवाय घरच्या परंपरेत लेखक कधी एकसुरी नव्हताच. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावात महसूल खात्यात नोकरीला होते आणि १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. विंदांनी एका हाताने तात्त्विक कविता लिहिली, दुसऱ्याने बालगीतं. पु. लं.नी जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’चा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. मग ही उतरंड मध्येच कुठून आली? माझ्या मते, उपयोगाचं लिखाण भाषांतराच्या दरात, शब्दावर मोजून, वाटून टाकलं तेव्हापासून. इंग्रजी मजकूर पक्का झाल्यावर मराठीवाल्याला बोलावतात. तोवर चित्रं ठरलेली, चौकटी ठरलेल्या, ‘युनिट’ म्हणायला जागाच नाही.

लेखकाला अभियंत्याच्या शेजारी पहिल्या दिवशी बसवा, जसं संगीतकाराच्या शेजारी बसवतात. मसुदा तयार झाला की सोसायटीच्या वॉचमनच्या हातात द्या आणि बाजूला उभे राहा. त्याने न विचारता गाडी चार्जिंगला लावली तर छापा. मध्येच वळून ‘साहेब, हे काय म्हणायचंय?’ असं विचारलं, तर त्या ओळीवर खूण करा.